चिमटीतला शर्ट

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. दर वेळी वाकून करते तसा या खेपेला वाकता येत नाहीये, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घे. वहिनीला आणि मुलांना माझी आठवण सांग. तुझा गुडघा कसा आहे? गोदीतले ते लोखंडी जिने उतरताना कठडा धरतोस, की अजून तोच बाणा?

इकडे सगळं ठीक. हे मी सवयीने लिहिलं. पुढचं वाचून घाबरू नकोस, औषध सुरू झालं आहे. मला नागीण झाली आहे. डाव्या अंगाला, पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीखालून पोटाच्या मध्यापर्यंत पट्टा उमटलाय. कारखान्यात आपण सोफ्याच्या कडेला पट्टी मारतो तेवढाच रुंद.

गेल्या महिन्याच्या शेवटी नुसतं दुखायला लागलं. कुणीतरी आतून गरम इस्त्री फिरवतंय आणि मधूनच दाभणाचं टोक लावून बघतंय, असं. बाहेरून कातडी स्वच्छ. मला वाटलं, त्या हॉटेलवाल्याच्या खुर्च्या उचलताना लचक भरली. चार-पाच दिवसांनी लाल चट्टा उठला आणि मी निश्चिंत झाले. हसू नकोस. आपल्या घरात अंगावर काहीही उठलं तरी आरोपी ठरलेला असतो, खुर्च्यांत भरतो तो काथ्या. शिवाय काथ्याची गुंडाळी आपण सगळे डाव्याच काखेत मारतो, उजवा हात दार उघडायला मोकळा राहावा म्हणून. त्यामुळे चट्टा एकाच बाजूला का, हा प्रश्नच मला पडला नाही. उलट वाटलं, चोर मुद्देमालासकट सापडला.

त्यात कारखान्याचा नियम. खाजेचं नाव जो काढेल त्याने त्या दिवशीचा झाडू मारायचा. एकाने ‘खाजतंय’ म्हटलं की दहा जण खाजवायला लागतात आणि काम बसतं, म्हणून केलेला नियम. कुणी केला ते तुला माहीत आहे. आता मालकीण मी. मालकिणीनेच झाडू हातात घेतला तर सगळे वर्षभर पुरवून पुरवून हसतील. म्हणून तोंड मिटून हातोडी चालवत राहिले.

मग चट्ट्यावर पाण्याचे फोड आले. मोहरीएवढे, घोसाघोसाने. गेले औषधाच्या दुकानात आणि म्हटलं, खाजेचं मलम द्या. तिथली मुलगी म्हणाली, “काकू, एकाच बाजूला आहे का? फोड यायच्या आधी दुखत होतं का?” मी दोन्हीला हो म्हटलं. “मग मलम नाही देत. डॉक्टरकडे जा, आणि आजच जा.” गिऱ्हाईक परत पाठवणारी दुकानदार मी पहिल्यांदा पाहिली. राग आला, पण गेले.

डॉक्टरीणबाई इतकी लहान दिसते की मी तिला ‘अहो’ म्हणताना अडखळते. तिने कपडा वर करायला सांगितला आणि लांबूनच बघून म्हणाली, “नागीण. बघा, पट्टा बरोबर मधोमध येऊन थांबलाय. एका नसेच्या वाटेने जाते ती, दुसऱ्या बाजूला जात नाही.” चट्टा उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध घेतलं तर चांगलं लागू पडतं म्हणे, आणि मी कशीबशी त्यात बसले. फोड आठ-दहा दिवसांत सुकून खपल्या धरतील, दोन ते चार आठवड्यांत कातडी साफ होईल. चेहऱ्यावर, डोळ्याजवळ झाली असती तर आणखी धावपळ करावी लागली असती.

मग तिने विचारलं, “लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?” झाल्या होत्या म्हणजे काय. तू शाळेतून आणल्यास आणि एकाच पांघरुणात झोपून मला दिल्यास. तर ते बी तेव्हापासून नसेत दडून बसतं म्हणे आणि म्हातारपणी, थकव्यात, पुन्हा डोकं वर काढतं. म्हणजे मूळ तूच. पन्नास वर्षांनी का होईना, चोरी पकडली गेली. तूही साठी ओलांडली आहेस, तेव्हा सांगून ठेवते: एकाच बाजूला जळजळ सुरू झाली आणि मागून फोड आले तर गुडघ्यासारखं अंगावर काढू नकोस. लसही मिळते म्हणाली, तिथे चौकशी कर.

ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला माझ्या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून कातडी साफ होईपर्यंत मी नातीला येऊ देत नाहीये. तिने लस घेतलीय, पण मीच ऐकत नाही. खिळेमामांचं वेगळंच. ते अजून तोंडात खिळे धरूनच बोलतात, त्यामुळे अर्धं कळतं. पण परवा खिळे काढून हातात घेतले आणि गंभीरपणे म्हणाले, “ताई, दोन्ही टोकं जुळली की माणूस जातं.” मी म्हटलं, “मामा, माझी टोकं जुळायची नाहीत. या घरात कुणाचीच जुळत नाहीत.” ते परत खिळे तोंडात टाकून कामाला लागले.

यावरून आठवलं. तुझी अट मला पाठ आहे. एका माणसाविषयी ओळ आली तर पत्र तिथेच बंद करशील. फोनवर तर तू ‘बरं’ म्हणून ठेवूनच देतोस, म्हणून मी पत्र लिहिते, ते निदान उशाशी राहतं. तेव्हा अटीप्रमाणे घरात मी एकटीच राहते आणि रोज दोन माणसांचा स्वयंपाक करते. फक्त एवढंच म्हणते, या उन्हाळ्याच्या आधी एकदा घरी ये. का, ते अटीमुळे लिहिता येत नाही. आणि तू आल्याशिवाय मी हा विषय सोडणार नाही, हेही ठाऊक असू दे.

तुझी,
लचक न भरलेली धाकटी


२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘काळजी घे. औषध पूर्ण घे.’ तुझ्या मानाने निबंधच म्हणायचा.

औषध पूर्ण घेतलं. फोड सुकले, खपल्या पडायला लागल्या आहेत, खाली गुलाबी कातडी दिसते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच सगळं झालं. फक्त दुखणं गेलेलं नाही. ती म्हणाली, काही जणांचं पुरळ जातं पण नस दुखतच राहते, कधी महिने, कधी त्याहून जास्त. वय जितकं जास्त तितकी शक्यता जास्त. त्याच्या वेगळ्या गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की झोप येते, म्हणून दुपारच्या खाऊन टाकते आणि सकाळी शुद्धीत कापड कापते. कामावर रोज जाते. खुर्च्या वेळेवर गेल्या.

हे दुखणं सांगायलाही विचित्र आहे. दाबलं तर तेवढं नाही, पण कापड नुसतं घासलं की जीव जातो. गाऊन उलटा घालते. शिवण बाहेर राहिली की टोचत नाही. ही युक्ती मला कुणी सांगितली ते अटीत बसत नाही.

आता एक वाक्य लिहिते आणि लगेच विषय बदलते. बाबांच्या हृदयाची झडप खराब झालीय, सोळा एप्रिलला शस्त्रक्रिया आहे, या वयात खात्री देता येत नाही असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बदलला विषय. मांजरीने जुन्या आरामखुर्चीत तीन पिल्लं दिलीत आणि खिळेमामा ती खुर्ची दुरुस्तीला घ्यायला तयार नाहीत.

धाकटी


२९ मार्च

प्रिय दादा,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. म्हणजे त्या एका वाक्याशी कागद घडी घातलास आणि मांजरीची बातमी तुला मिळाली नाही. मी समजू शकते. पण थांबणार नाही. या पत्रात मी माझं दुखणं आणि त्यांचं नाव एकाच वाक्यात घालणार आहे, म्हणजे तुला निवडून वाचता येणार नाही. बहिणीचं कसं आहे हे जाणून घ्यायचं असेल तर सगळं वाच.

कातडी आता स्वच्छ आहे. अंगावर काही झालं होतं हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, बारीक डाग आहेत तेवढेच. म्हणून नातीला बोलावलं. दीड महिना ती मला दाराच्या काचेतून हात हलवत होती. परवा कारखान्याचं दार उघडलं तशी पळत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली.

दादा, मी तिला ढकललं. दोन्ही हातांनी, जोरात. विचार करून नाही, विस्तवावरून हात मागे घ्यावा तसं झालं. पोर मागे जाऊन काथ्याच्या ढिगावर पडली. लागलं नाही तिला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पाठ करून भिंतीकडे तोंड केलं, कारण मला ओरडायचं होतं आणि पोरीसमोर ओरडायचं नव्हतं. सूनबाई दारात थिजून उभी.

मग मागून आवाज आला, “आजी, मी काही केलं का?”

पाच वर्षांची आहे ती. काथ्यातून उठली, केस झाडले आणि सरळ विचारलं. मी म्हटलं, “नाही गं बाळा, तू काही नाही केलंस. आजीला इथे आतून दुखतं, दिसत नाही.” ती म्हणाली, “मग दुसऱ्या बाजूने येऊ?” आणि उजव्या बाजूने येऊन हळूच चिकटली. तेवढ्यावर तिचा विषय संपला. तिला पिल्लं बघायची होती.

मी मात्र तिथून हलू शकले नाही. कारण ती पडली ती जागा मला माहीत होती. पलीकडे सोफ्याचा लाकडी सांगाडा ठेवतात ना, त्याच्याच पुढे. तीस वर्षांपूर्वी तू तिथेच पडलास. तू बॅग उचललीस, सगळ्या कारागिरांसमोर बाबांना मिठी मारलीस आणि त्यांनी तुला दोन्ही हातांनी ढकललं. तुझी हनुवटी सांगाड्याच्या कडेवर आपटली. ते पाठ फिरवून आतल्या खोलीत गेले आणि तू हनुवटीला रुमाल लावून निघून गेलास. आई मागून धावली, पण तू वळला नाहीस. आई गेली तेव्हा आलास, ते एका खोलीत आणि तू दुसऱ्या. वहिनीला वाटतं तू दाढी हौसेने ठेवली आहेस.

त्या संध्याकाळी मी काचेच्या दारात माझं प्रतिबिंब पाहिलं. मी उभी होते आणि डाव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत गाऊन बरगडीपासून लांब धरला होता. किती दिवस धरतेय कुणास ठाऊक, हाताला आपोआप सवय लागलीय. आणि मला ‘मालकांची चिमटी’ आठवली.

तुला आठवते की नाही? तू जायच्या आधीचा सबंध हिवाळा बाबा तसे चालायचे. शर्ट डाव्या बाजूने चिमटीत धरून, कोपर बाहेर काढून. सगळे म्हणायचे, मालकांना तोरा चढला. कारागीर जेवणाच्या सुट्टीत नक्कल करायचे, आणि सगळ्यात झकास नक्कल तुझी. खिळेमामांना एकदा हसता हसता तोंडातला खिळा गिळायची वेळ आली होती. आणि त्याच हिवाळ्यात आई कटकट करायची की हा माणूस बनियन उलटं घालतो, लोक काय म्हणतील. त्याच्याही आधी दिवाणांचं मोठं काम आलं होतं तेव्हा बाबांच्या डाव्या अंगाला चट्टा उठला होता. आई म्हणाली काथ्या, बाबा म्हणाले काथ्या, आपण सगळे म्हणालो काथ्या. चट्टा गेला. गेला म्हणून कुणी पुन्हा विचारलं नाही.

दादा, मला उलटा गाऊन घालायला त्यांनीच सांगितलं. मी आजारी पडले त्या आठवड्यात जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाले, “कपडा उलटा घाल. शिवण सोसत नाही.” मी म्हटलं, युक्ती चांगली आहे. त्यांना ती कुठून माहीत, हे मला तेव्हा सुचलंच नाही. नागीण कशी ओळखायची ते मी तुला पहिल्या पत्रात अख्खं लिहून पाठवलं आणि माझ्याच घरातली ओळखली नाही.

आता सरळ लिहिते. त्यांनी तुला झिडकारलं नाही, दादा. ढकललं ते त्यांना आपला मुलगा नकोसा झाला म्हणून नाही, तू कारखाना सोडून गोदीत चाललास म्हणूनही नाही. तू डाव्या बाजूने मिठी मारलीस.

माझी खात्री आहे, पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे, असं तू म्हणशील. म्हणून हे पत्र आज टाकत नाही. आधी त्यांना विचारते. तीस वर्षं मीही विचारलं नाही, हे बरं दिसत नाही.


३१ मार्च, पुढे चालू

विचारलं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा विचारलं. बाबा त्यांच्या ठरलेल्या स्टुलावर सुतळी गुंडाळत बसले होते. डॉक्टरांनी श्रम करू नका म्हणून बजावलंय, तरी तेवढं काम ते सोडत नाहीत. मी समोर जमिनीवर बसले. म्हटलं, “बाबा, दादा गेला त्या दिवशी तुमच्या डाव्या बरगडीत दुखत होतं का?”

सुतळी थांबली. वर बघेनात. मला वाटलं, उठून आत जातील. मी ठरवलं होतं की गेले तर मागोमाग जायचं आणि पुन्हा विचारायचं, रात्रीच्या जेवणालाही तेच विचारायचं. तेवढा हट्ट मी त्यांच्याकडूनच शिकले आहे.

ते उठले, पण आत गेले नाहीत. भिंतीला धरत कोपऱ्यात गेले आणि झाडू उचलला.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, धाप लागलेली, वाकून झाडू मारतोय. पोरांनी सकाळपासून सांडलेला काथ्या, चिंध्या, वाकडे खिळे. मी हातातून झाडू घ्यायला गेले तर म्हणाले, “थांब. नियम आहे.” तीन-चार हात मारले आणि दम लागला, तेव्हा मी स्टूल सरकवलं. झाडू मांडीवर घेऊन बसले.

म्हणाले, “तीन वर्षं होतं. आधी चट्टा होता, तो गेला. मग नुसतंच. हळूहळू कमी झालं.”

“कुणाला बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? दिसत काही नाही. आणि पोरांना सांगत होतो, खाजेचं नाव काढायचं नाही.” मग झाडूच्या काड्या सरळ करत, “वाटलं, आपल्यालाच सोसत नाही. बाकीच्यांना सोसतं.”

मी विचारलं, आत का गेलात. म्हणाले, “डोळ्यांतून पाणी आलं. सगळे बघत होते. तोंड धुऊन बाहेर आलो तर पोरगा गेला होता. मला वाटलं, त्याला घाईच होती.”

आणि मग त्यांनी जे विचारलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. “हनुवटीला फार लागलं होतं का त्याच्या?”

तीस वर्षं हा माणूस हे विचारायचं मनात घेऊन बसला होता, दादा, आणि आपल्या घरात विचारायची रीतच नाही. मी म्हटलं, “टाके पडले होते. खूण अजून आहे, दाढीखाली.” त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, “त्याला लिहू नकोस. त्याला वाटेल, ऑपरेशन आलं म्हणून सबबी सांगतो.”

मी म्हटलं, “मी लिहिणार.” ते म्हणाले, “तू ऐकणार नाहीस.” मी म्हटलं, “नाही.” मग आम्ही दोघं जरा हसलो. मला हसतानाही दुखतं, ते त्यांना कळलं. म्हणाले, “बरगडी हाताने धरून हस.” ही युक्तीही लागू पडते.

खिळेमामा जेवून आले आणि मालकांच्या मांडीवर झाडू बघून दारातच उभे राहिले. त्यांनी झाडू घेतला आणि उरलेला अर्धा कारखाना स्वतः झाडला. जाताना मला हळूच म्हणाले, “ताई, ती नक्कल आम्ही सगळ्यांनी केली हो.” मी म्हटलं, “हो मामा, मीसुद्धा.”

मला तुझी दया नकोय आणि त्यांच्यासाठीही नकोय. तू खोटं धरून बसला नव्हतास, तुझी हनुवटी खरीच फुटली होती. पण तुला जे वाटलं ते तसं नव्हतं, आणि हे तुला सांगायला सोळा एप्रिलपर्यंतचाच वेळ माझ्याकडे आहे. नंतरही असेल अशी मला आशा आहे. आशेवर मी खुर्च्यासुद्धा देत नाही, तारीख ठरवून देते.

म्हणून तारीख देते. अकरा एप्रिलला, शनिवारी ये. दुपारची गाडी घे, संध्याकाळच्या आत घरी पोचशील. वहिनीला आण, मुलांना जमलं तर आण. माडीवरची खोली झाडून ठेवलीय, गादी मी स्वतः भरलीय, फोमची, काथ्याची नाही. तू उतरलास की मी फाटकात उभी असेन, आणि तू आला नाहीस तर रविवारी मी तुझ्या दारात असेन. गोळ्या खाऊन गाडीत झोपेन, पण येईन. मला ओळखतोस.

एक गोष्ट लक्षात ठेव, नात सांगून गेलीय तशी. मिठी मारशील तर उजव्या बाजूने. माझी अजून दुखते. बाबा म्हणतात त्यांची आता दुखत नाही, पण त्यांच्या म्हणण्यावर विसंबायची चूक आपण एकदा केली आहे.

पत्र त्यांना वाचायला दिलंय. तुला न विचारता तुझी अट मोडली, त्यांचं न ऐकता त्यांचंही लिहिलं, तेव्हा निदान एकाला तरी दाखवलेलं बरं. ते खिडकीशी घेऊन बसलेत. पाकीट मी त्यांच्या हातून घेऊन लगेच टाकायला जाईन.

शनिवारी, फाटकात,
तुझी धाकटी

(खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात)

ये. दाढी असू दे. खूण मी हाताने बघेन.
बाबा